पेरूच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण: बनवण्यापासून जिवाणू आणि नायट्रोफिनॉलवर तपासण्यापर्यंत

काम सुरू करण्याआधी एक साधा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचं ९० मिली द्रावण घेतलं आणि त्यातली सगळीच्या सगळी चांदी नॅनोकणांत, म्हणजे काही नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) मापाच्या कणांत उतरली, तरी हाती येते ती फक्त ९.७ मिलिग्रॅम चांदी. सेंट्रिफ्यूज करून, वाळवून ६० मिलिग्रॅम पावडर मिळाली, तर त्यातली ५० मिलिग्रॅमहून जास्त ही पानातली पॉलिफिनॉलं, शर्करा आणि प्रथिनं आहेत. एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या तपासणीसाठी) १०० मिलिग्रॅम चांदी हवी असेल तर लिटरभर द्रावण लागेल. हा हिशोब न करता १०० मिलीच्या एका फ्लास्कमधून सगळ्या तपासण्या उरकायचं ठरवलं की काम अर्ध्यावर अडतं. त्याहून वाईट म्हणजे "१०० मिलिग्रॅम प्रति मिली नॅनोकण वापरले" असं वाक्य प्रबंधात जातं. मूळ द्रावणात चांदी मिलीमागे ९७ मायक्रोग्रॅम असते. चूक हजारपटीची आहे.

वनस्पतीच्या अर्कातून धातूचे नॅनोकण बनवण्याच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. २००३-०४ च्या सुमारास तिथे मुरली सास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिरॅनियम, कडुनिंब आणि गवती चहाच्या पानांचा काढा वापरून चांदीचे आणि सोन्याचे कण बनवून दाखवले. त्यानंतर जवळपास प्रत्येक झाडाचं पान कोणी ना कोणी उकळून पाहिलं आहे. म्हणून "अमुक वनस्पतीपासून प्रथमच" या शब्दांना आता फारसं वजन उरलेलं नाही. कण नेमके किती, केवढे आणि जिवाणू खरंच कशामुळे मेले, याची उत्तरं नीट दिली तर कामाला वजन येतं.

धातू आणि पान निवडताना

सुरुवात चांदीनेच करा. चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ चांगली असते (प्रमाण विभव +०.८० व्होल्ट), त्यामुळे पानातली पॉलिफिनॉलं तिचं सहज क्षपण करतात (तिला इलेक्ट्रॉन देऊन धातू करतात) आणि स्वतः क्विनोन होतात. सोनंही असंच वागतं, फक्त खिशाला जड. लोह आणि जस्ताचं तसं नाही. चहाच्या अर्कात लोहाचा क्षार घातल्यावर क्षणात दिसणारा काळा रंग बहुतेक वेळा लोह आणि टॅनिनच्या संयुगाचा असतो, म्हणजे जुन्या काळच्या शाईचाच. त्याला लोहाचे नॅनोकण म्हणून चालणार नाही. जस्ताच्या क्षारातून मिळतं ते ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड.

पानासाठी पेरू सोयीचा. झाड कुठेही सापडतं, पानात टॅनिन आणि क्वेर्सेटिन गटातली संयुगं भरपूर असतात आणि अर्क गाळायला त्रास देत नाही. कोरफड, जास्वंद, भेंडी यांच्या बुळबुळीत चिकाने फिल्टर पेपर दहा मिनिटांत बंद पडतो आणि तोच चिकटा पुढे कणांवर बसून धुताना छळतो. पहिल्याच प्रयोगाला असली पानं घेऊ नयेत.

ताज्या पानाच्या वजनावर भरवसा ठेवू नका. पावसाळ्यातल्या कोवळ्या पानात आणि एप्रिलच्या निबर पानात पाण्याचं प्रमाण वेगळं, पॉलिफिनॉलही वेगळं. एकाच झाडाची, एकाच दिवशी तोडलेली पुरेशी पानं आणा, नळाच्या पाण्याने धुवा, शेवटी दोनदा डिस्टिल्ड पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, मग ४० ते ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. मिक्सरमध्ये दळून, चाळून, हवाबंद बरणीत भरा. सगळ्या मालिकेला ही एकच बरणी पुरली पाहिजे.

पाणी आणि काच

या कामातले निम्मे घोटाळे क्लोराइडमुळे होतात. चांदीचा आयन आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो आणि तेवढी चांदी कामातून जाते. पाणी तपासायची पद्धत सोपी आहे. स्वच्छ टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली पाणी घ्या, त्यात ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि ट्यूब काळ्या कागदासमोर धरून वरून खाली पाहा. दुधाळ झाक दिसली तर ते पाणी वापरू नका, कॅनवरच्या लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

काचेची भांडी एकास एक पातळ केलेल्या नायट्रिक आम्लात तासभर बुडवून ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा वेळा विसळा. अम्लराज वापरायची खोड इथे नको. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे आदल्या वेळच्या चांदीवर क्लोराइडचा थर बसतो आणि तो काचेला धरून राहतो. भांड्याच्या आत आरशासारखी किंवा तपकिरी झाक राहिली असेल तर पुढच्या वेळी कण द्रावणात बनण्याऐवजी त्या डागावर बसत जातात.

अर्क

२ ग्रॅम पानाची पूड, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, कॉनिकल फ्लास्क, वर वॉच ग्लास. वॉटर बाथवर ७० अंशांना २० मिनिटं, अधूनमधून हलवत. खळाखळा उकळू नका. पाणी आटतं, अर्काची तीव्रता बदलते आणि पानातला नको तो मालही जास्त उतरतो. थंड झाल्यावर आधी मलमलच्या कापडातून, मग व्हॉटमन नंबर १ मधून गाळा. गाळलेला अर्क पिवळसर तपकिरी पण पारदर्शक हवा. गढूळ वाटला तर ५,००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवून वरचा भाग घ्या. अर्कातले तरंगते कण यूव्हीच्या (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते दाखवणाऱ्या) आलेखाची तळरेषा उचलतात आणि पुढे सगळं वाचन फसतं.

अर्क ४ अंशांना झाकून ठेवला तर दोन-तीन दिवस चालतो. रंग गडद होत गेला की पॉलिफिनॉलं हवेने ऑक्सिडाइज झाली असं समजून टाकून द्या. मालिका महत्त्वाची असेल तर रोज ताजा करणं उत्तम.

पीएच मोजा. बहुतेक पानांचे अर्क किंचित आम्लधर्मी असतात आणि तशा अर्कात अभिक्रिया रेंगाळते. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून अर्काचा पीएच ८ करा. अल्कली अर्कातच घालायची. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात थेट घातली तर तिथल्या तिथे सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका पडतो आणि नवशिक्याला वाटतं की कण झाले. पीएच खाली आणायचा असेल तर पातळ नायट्रिक आम्ल घ्या, हायड्रोक्लोरिक कदापि नाही. फॉस्फेट बफरही नको, कारण सिल्व्हर फॉस्फेट पिवळं असतं आणि चांदीच्या कणांच्या कोवळ्या पिवळ्या रंगाशी त्याची हमखास गल्लत होते. अमोनिया तर अजिबात नको. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं मिश्रण ठेवून दिलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होतं.

कण बनवणं

१७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट १०० मिली पाण्यात विरघळवलं की १० मिलिमोलर साठा तयार होतो. तो तपकिरी बाटलीत ठेवा. वापरायच्या दिवशी दहापट पातळ करून १ मिलिमोलर करा. हातमोजे घाला. बोटाला लागलेला थेंब दुसऱ्या दिवशी काळा डाग होऊन उगवतो आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही.

मोठा फ्लास्क लावण्याआधी चार ट्यूबचा छोटा प्रयोग करा. प्रत्येकीत १ मिलिमोलर द्रावण ९ मिली. अर्क अनुक्रमे ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मिली, आणि पाणी घालून प्रत्येकीचं आकारमान १० मिली. अशाने चांदी सगळीकडे ०.९ मिलिमोलरच राहते आणि बदलतो तो फक्त अर्क. अर्क वाढवताना एकूण आकारमानही वाढू दिलं तर दोन गोष्टी एकदम बदलतात आणि तुलनेला अर्थ राहत नाही. चारही ट्यूब ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा.

फॉइल का? उन्हात ठेवलं की रंग पाच-दहा मिनिटांत येतो, म्हणून अनेक जण खिडकीत ठेवतात. पण उजेडाचं काम किती आणि अर्काचं किती, हे मग सांगता येत नाही. शिवाय जुलैतल्या ढगाळ दुपारी मे महिन्यातला निकाल पुन्हा मिळणार नाही. प्रकाशानेच क्षपण करायचं असेल तर दिव्याचे वॅट आणि अंतर ठरवून तसं लिहा.

ट्यूब काढून पाहिल्यावर रंगाची चढण दिसते: फिकट लिंबाच्या सालीसारखा, मग मधासारखा, मग गडद चहासारखा. इथे थांबून एक लक्षात घ्या. अर्क स्वतःच तपकिरी आहे, अल्कलीत पॉलिफिनॉलं आणखी तपकिरी होतात आणि सिल्व्हर ऑक्साइडही तपकिरी. म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसलेल्या तपकिरी रंगाचे तीन वारसदार आहेत. म्हणून प्रत्येक वेळी दोन ट्यूब जास्तीच्या लावा: एकीत तेवढाच अर्क आणि चांदीऐवजी पाणी, दुसरीत चांदी आणि अर्काऐवजी त्याच पीएचचं पाणी. दोन्ही तशाच फॉइलमध्ये, तेवढाच वेळ.

दर दहा मिनिटांनी ०.३ मिली नमुना काढून २.७ मिली पाण्यात मिसळा आणि ३०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये स्कॅन करा. कोरं वाचन (तुलनेसाठीचा शून्य) पाण्याचं नको, तितकाच पातळ केलेल्या अर्काचं हवं. चांदीच्या गोल कणांचं शिखर ४०० ते ४५० नॅनोमीटरदरम्यान येतं. ४१० च्या आसपास अरुंद आणि देखणं शिखर म्हणजे कण लहान आणि एकसारखे. ४४० च्या पुढे सरकलेलं, बसकं शिखर म्हणजे कण मोठे. ५५० च्या पुढे खांदा दिसू लागला तर गठ्ठे होताहेत. सलग दोन वाचनांत शिखराची उंची वाढायची थांबली की अभिक्रिया संपली. ६० अंशांना, पीएच ८ वर यासाठी साधारण अर्धा ते एक तास धरा.

चारांतली कोणती ट्यूब निवडायची? सर्वांत गडद नको. अर्क वाढला की एकाच वेळी जास्त केंद्रकं तयार होतात आणि कण लहान राहतात, हे एका मर्यादेपर्यंत खरं. त्यापुढे कणांवर सेंद्रिय पदार्थाचा जाड थर चढतो. जिवाणूंसाठी आणि त्याहून जास्त उत्प्रेरणासाठी तो थर अडथळाच. ज्या ट्यूबचं शिखर सर्वांत अरुंद आहे आणि जिच्यात चांदी शिल्लक नाही, ती घ्या.

चांदी शिल्लक आहे का हे कळायला यंत्र लागत नाही. थोडा नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी काढा आणि त्यात १ मोलर मिठाच्या द्रावणाचा एक थेंब टाका. दुधाळ झालं तर चांदीचे आयन उरले आहेत. मीठ थेट कणांच्या द्रावणात टाकू नका, कण लगेच गोळा होऊन करडे पडतात.

निवडलेल्या प्रमाणात मग मोठी बॅच लावा: ९० मिली चांदीचं द्रावण मॅग्नेटिक स्टिररवर ६० अंशांना आणून त्यात अर्क आणि पाणी मिळून १० मिली, मिनिटाला साधारण १ मिली या गतीने, ढवळत ढवळत. मोठ्या बॅचचं शिखर छोट्या ट्यूबपेक्षा ५ नॅनोमीटरहून जास्त सरकलं तर बहुधा ढवळणं किंवा तापमान बिघडलं आहे. फ्लास्कच्या आत थर्मामीटर सोडून पाहा. हॉट प्लेटवरचा आकडा प्लेटचा असतो, द्रावणाचा नाही.

धुणं आणि साठवणं

१२,००० आरपीएम, २० मिनिटं, नेहमीच्या छोट्या रोटरमध्ये. गाळ तेवढ्याच पाण्यात पुन्हा मिसळा, मिनिटभर सोनिकेट करा (अतिध्वनीने हलवा) आणि हेच तीनदा करा. अहवालात आरपीएमसोबत जी-बल (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ) लिहा, रोटरची त्रिज्या ८.४ सेंटिमीटर असेल तर ते साधारण १३,५०० येतं. नुसता आरपीएम दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक आहे.

खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. २० नॅनोमीटरचा कण ज्या वेळात तळाशी जातो, त्याच्या सोळापट वेळ ५ नॅनोमीटरच्या कणाला लागतो. म्हणून सेंट्रिफ्यूजनंतरही वरचं पाणी पिवळं असेल तर तुम्ही सर्वांत बारीक आणि बहुधा सर्वांत कामाचे कण मोरीत ओतताय. ते पाणी स्कॅन करून बघा. शिखर दिसलं तर वेळ वाढवा किंवा १२ ते १४ किलोडाल्टनच्या डायलिसिस पिशवीत भरून दिवसभर पाणी बदलत ठेवा. आयन आणि छोटे रेणू निघून जातात, कण आत राहतात.

तयार द्रावण तपकिरी बाटलीत ४ अंशांना ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबून गठ्ठे करतात आणि ते परत सुटत नाहीत.

कण खरंच चांदीचे आहेत ना?

एक्सआरडीत चांदीची शिखरं तांब्याच्या किरणांनी ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. याशिवाय २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांना काही दिसलं तर ते सिल्व्हर क्लोराइड. पानात क्लोराइड असतंच, त्यामुळे हे वारंवार दिसतं. अनेक जण या शिखरांना "सेंद्रिय आवरणाची शिखरं" म्हणून पुढे जातात. तसं करू नका, क्लोराइड असेल तर क्लोराइड लिहा.

शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात रुंदी रेडियनमध्ये घालायची असते आणि कोन अर्धा घ्यायचा असतो. ३८.१ अंशांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.६० अंश असेल तर ती ०.०१०४७ रेडियन. १९.०५ अंशांचा कोसाइन ०.९४५. ०.९ गुणिले ०.१५४०६ नॅनोमीटर, भागिले या दोन्हींचा गुणाकार, उत्तर १४ नॅनोमीटर. यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली नसेल तर खरा आकार याहून थोडा मोठा असतो.

टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रांत किमान २०० कण मोजा आणि ते वेगवेगळ्या चौकटींतले घ्या. डीएलएसचा (प्रकाश विखुरण्यावरून द्रावणातला आकार मोजणाऱ्या पद्धतीचा) आकडा टीईएमपेक्षा मोठा येणारच. तो कण, त्यावरचं आवरण आणि सोबत वाहून नेलेलं पाणी या सगळ्यांचा मिळून असतो, आणि एखाददुसरा मोठा गठ्ठाही त्याला वर खेचतो.

एफटीआयआरकडून (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणाऱ्या तपासणीकडून) फार अपेक्षा नकोत. पृष्ठभागावर काय बसलंय याची कल्पना येते, क्षपण कोणी केलं ते कळत नाही. आणि १३८४ प्रति सेंटिमीटरच्या जवळ एकटं, टोकदार शिखर दिसलं तर ते जवळपास नेहमी न धुतलेल्या नायट्रेटचं असतं. त्याला "अमाइनचा बंध" असं नाव देऊन छापलेली उदाहरणं कमी नाहीत.

चांदीची खरी मात्रा मात्र मोजून घ्याच. थोडा नमुना नायट्रिक आम्लात पचवून ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर द्या. पुढचे दोन्ही प्रयोग या एका आकड्यावर उभे आहेत.

जिवाणूंवर तपासणी

जिवाणू मान्यताप्राप्त संग्रहातले घ्या. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे आणि चंडीगडला एमटीसीसी. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ ही जोडी चकतीच्या किंवा खड्ड्याच्या पद्धतीला रुळलेली. हे काम जैवसुरक्षेची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच करायचं.

म्युलर-हिंटन आगर (जिवाणू वाढवायचं घट्ट खाद्य) ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिली ओता, म्हणजे जाडी ४ मिलिमीटर येते. पातळ ओतलं तर वलय (खड्ड्याभोवतीचा जिवाणू न वाढलेला भाग) फुगतं, जाड ओतलं तर आक्रसतं. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंडला (हे गढूळपणाचं माप) आणा, ६२५ नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स ०.०८ ते ०.१३, आणि १५ मिनिटांच्या आत स्वॅबने तीन दिशांनी पसरा. ६ मिलिमीटरच्या कॉर्क बोररने खड्डे पाडा. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी वितळलेल्या आगरचा एक थेंब सोडा, नाहीतर नमुना आगरच्या खालून पसरतो आणि वलय वेडंवाकडं होतं. खड्ड्यात ५० मायक्रोलिटर.

एकाच प्लेटवर पाच खड्डे हवेत: धुतलेले कण, तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेट, कणांसोबत जेवढा अर्क गेला असेल तेवढाच नुसता अर्क, शेवटच्या धुण्याचं वरचं पाणी, आणि साधं निर्जंतुक पाणी. प्रतिजैविकाची चकती वेगळ्या प्लेटवर. पेरूचा अर्क स्वतःच काही जिवाणूंना रोखतो, त्यामुळे तिसऱ्या खड्ड्याशिवाय निकाल वाचताच येत नाही. आणि चौथ्या खड्ड्याभोवती वलय उमटलं तर जिवाणू कणांनी नाही, न धुतलेल्या आयनांनी मारले. तीन वेळा धुवा असं वर सांगितलं त्याचं हे कारण.

प्लेट अर्धा तास बाहेर ठेवून ३५ अंशांना १६ ते १८ तास उबवा. वलयाच्या मिलिमीटरवरून "आमचे कण चांगले की तुमचे" हे ठरवता येत नाही. वलय आगरमध्ये पदार्थ किती पसरतो यावर अवलंबून असतं. आयन भरभर पसरतात, आवरण चढलेले कण जवळजवळ जागीच बसतात. वलय लहान आलं म्हणून कण निकामी ठरत नाहीत. वलय हा प्राथमिक अंदाज आहे, मोजणी एमआयसीची, म्हणजे वाढ रोखायला पुरणाऱ्या सर्वांत कमी मात्रेची.

एमआयसीसाठी ९६ खड्ड्यांची प्लेट. पहिल्या खड्ड्यात मिलीमागे १२८ मायक्रोग्रॅम चांदी येईल असं सुरू करून म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये निम्मं निम्मं करत जा, प्रत्येकात १०० मायक्रोलिटर ठेवा. मूळ द्रावणात चांदी मिलीमागे ९७ मायक्रोग्रॅमच असल्यामुळे गाळ एक दशांश पाण्यात मिसळून आधी दाट करावा लागेल. ०.५ मॅकफारलंडचं द्रावण शंभरपट पातळ करून प्रत्येकात १०० मायक्रोलिटर घाला. आता मिलीमागे सुमारे ५ लाख जिवाणू आणि चांदी ६४ पासून खाली. कणांचा स्वतःचा रंग असल्याने गढूळपणा वाचता येत नाही, म्हणून रेझाझुरिन वापरतात: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर वाढ. पण अर्कातली पॉलिफिनॉलंही रेझाझुरिनला गुलाबी करू शकतात. जिवाणू नसलेली पण कण असलेली एक रांग लावा, शंका मिटते. निळ्या खड्ड्यांतले १० मायक्रोलिटर ताज्या आगरवर टाकून पाहा, नुसते रोखले की मारले ते तिथे कळेल.

ब्रॉथमधलं क्लोराइड आणि प्रथिनं कणांना गोळा करतात. कण ब्रॉथमध्ये तासभर ठेवून शिखर जागेवर आहे का ते बघा. नमुना निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर वापरला तर आधी आणि नंतर स्कॅन घ्या, काही पडदे निम्मे कण गिळतात. ऑटोक्लेव्ह करू नका.

मारण्याचं कारण लिहिताना हात आखडता घ्या. "कण पेशीभित्तिकेला भोकं पाडतात" हे वाक्य सगळीकडे फिरतं. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात ऑक्सिजन पूर्ण वगळून ई. कोलायवर प्रयोग झाले, तेव्हा चांदीच्या कणांची मारकशक्ती जवळजवळ नाहीशी झाली. हवेतल्या ऑक्सिजनने कण हळूहळू विरघळतो आणि सुटणारा आयन काम करतो, असा त्याचा अर्थ. आणि हे द्रावण प्यायचं किंवा जखमेला लावायचं औषध नाही. चांदी शरीरात साठली की कातडी कायमची निळसर करडी पडते.

उत्प्रेरक म्हणून: नायट्रोफिनॉलची चाचणी

४-नायट्रोफिनॉलचं सोडियम बोरोहायड्राइडने ४-अमिनोफिनॉल करणं ही सर्वांत सोयीची चाचणी. उत्प्रेरकाशिवाय ती तासन्तास हलत नाही, उत्प्रेरक पडताच काही मिनिटांत रंग उडतो आणि सगळं एका क्युवेटमध्ये दिसतं.

२७.८ मिलिग्रॅम ४-नायट्रोफिनॉल १०० मिलीत, म्हणजे २ मिलिमोलर. ३७.८ मिलिग्रॅम बोरोहायड्राइड बर्फासारख्या थंड १० मिली पाण्यात, म्हणजे ०.१ मोलर. हे दुसरं द्रावण अर्ध्या तासात वापरून संपवा. त्यातून हायड्रोजन सुटत राहतो, झाकण घट्ट लावून ठेवलं तर बाटली फुगते, आणि आम्लाशी गाठ पडली तर भसकन वायू येतो. नायट्रोफिनॉल विषारी आहे, हातमोजे इथेही.

क्युवेटमध्ये २.५ मिली पाणी, ०.१५ मिली नायट्रोफिनॉल, ०.३ मिली बोरोहायड्राइड. फिकट रंग एकदम गडद पिवळा होतो आणि शिखर ३१७ वरून ४०० नॅनोमीटरवर उडी मारतं. ही अजून अभिक्रिया नाही, अल्कलीत नायट्रोफिनॉलेट आयन झाला एवढंच. ॲब्सॉर्बन्स १.८ च्या आसपास हवा. आता ०.०५ मिली कण घाला, एकदा उलटसुलट करा आणि दर ३० सेकंदांनी २५० ते ५०० स्कॅन करा. ४०० चं शिखर उतरतं आणि ३०० च्या जवळ अमिनोफिनॉलचं वर येतं. फक्त ४०० उतरलं आणि ३०० ला काहीच आलं नाही, तर नायट्रोफिनॉल कुठेतरी चिकटलं असेल, बदललं नसेल.

चांदीची एक अडचण लपवली जाते: तिचं स्वतःचं शिखरही ४०० च्याच शेजारी. अभिक्रिया संपली तरी वाचन शून्यावर येत नाही. शेवटचं स्थिर वाचन प्रत्येक वाचनातून वजा करा, मग नैसर्गिक लॉग घ्या. बोरोहायड्राइड शंभरपट असल्यामुळे आलेख सरळ रेषेत येतो. समजा वजाबाकीनंतरचं वाचन १० मिनिटांत एक दशांशावर आलं, तर वेगांक मिनिटाला ०.२३. क्युवेटमध्ये चांदी ४.९ मायक्रोग्रॅम, म्हणजे दर सेकंदाला दर ग्रॅमला सुमारे ७९०. वजनाने भागलेला हाच आकडा दुसऱ्यांच्या कामाशी ताडता येतो, नुसता ०.२३ नाही.

सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं काहीच घडलं नाही तर घाबरू नका. पाण्यातला ऑक्सिजन आणि कणावरचं आवरण बाजूला व्हायला तेवढा वेळ जातो. पाण्यातून दहा मिनिटं नायट्रोजन सोडला की ही वाट पाहणं कमी होतं. वाचन उड्या मारत असेल तर क्युवेटच्या आतल्या भिंतीला हायड्रोजनचे बुडबुडे धरले आहेत, बोटाने हलकी टिचकी मारा. आणि फारच मंद चाललं तर कण आणखी एकदा धुवा. मात्र जितकं आवरण जाईल तितके कण अस्थिर होतात, म्हणून ही बॅच जिवाणूंच्या कामासाठी ठेवलेल्या बॅचपेक्षा वेगळी ठेवा.

मिथिलीन ब्लूवर हीच चाचणी करणारे खूप आहेत, पण तिथे रंग जाणं म्हणजे रंगद्रव्य नष्ट होणं नव्हे. बोरोहायड्राइड संपल्यावर क्युवेट हवेत हलवा. निळा रंग परत येऊ लागला तर तो फक्त रंगहीन रूपात गेला होता.

सांडपाणी

चांदी असलेलं कोणतंही पाणी मोरीत नको, ती सूक्ष्मजीवांना मारते आणि सांडपाण्याची शुद्धी त्यांच्यावरच चालते. बोरोहायड्राइडचं सोडून सगळं एका कॅनमध्ये साठवा. महिन्याअखेर कणांचं पाणी नायट्रिक आम्लाने विरघळवा, पण त्याआधी बोरोहायड्राइड असलेलं पाणी वेगळ्या भांड्यात उघडं ठेवून पूर्ण शांत होऊ द्या. मग मिठाचं द्रावण घालून सिल्व्हर क्लोराइड पाडा, रात्रभर बसू द्या, गाळा. फिल्टर पेपरवरचा पांढरा साका उजेडात जांभळट पडत जातो, चांदी आल्याची ती खूण. तो वाळवून, वजन करून, तारखेसह डबीत ठेवा. गाळलेल्या पाण्यात मिठाचा आणखी एक थेंब टाकून पाहा. स्वच्छ राहिलं तरच ते पुढे प्रयोगशाळेच्या आम्लधर्मी कचऱ्यात. जिवाणूंच्या प्लेट आणि ब्रॉथ मात्र आधी १२१ अंशांना अर्धा तास ऑटोक्लेव्हमध्ये.